ट्रिप व्हायचं थांबलं, पण गीझर दुरुस्त झालाच नव्हता

आईबाबा नाशिकला दोघंच राहतात. डिसेंबरात त्यांच्या गीझरने त्रास द्यायला सुरुवात केली. बटण दाबलं की काही मिनिटांत अख्ख्या घराची लाईट जायची. गीझरचा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) जागेवर असायचा, पण ईएलसीबी (करंट कुठे गळला की घराची लाईट तोडणारा स्विच) पडलेला, म्हणजे ट्रिप झालेला. बाबांनी नेटवर कंपनीचं नाव आणि 'कस्टमर केअर नाशिक' असं टाकलं, पहिल्या आलेल्या नंबरवर फोन केला आणि तासाभरात माणूस दारात हजर झाला. टी-शर्टवर कंपनीचं चिन्ह, पाठीला बॅग, तोंडात साखर. एवढ्या लवकर कुठली कंपनी माणूस पाठवते, हे मला अजून कोडं आहे.

त्याने पुढे जे केलं ते सविस्तर सांगते, कारण हीच युक्ती आणखी कुणाच्या तरी घरी चाललेली असणार.

आधी त्याने गीझरचं बटण बंद केलं, ईएलसीबी वर केला आणि बाबांना म्हणाला, "काका, आता बघा हं." फ्रिज, टीव्ही चालू होते. थोड्या वेळात ईएलसीबी पुन्हा पडला. "बघितलंत? गीझर बंद असतानाही पडतंय. म्हणजे तुमच्या घराच्या वायरिंगमध्येच करंट उतरलाय. आणि गीझरचं कार्डही, म्हणजे आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट, जळलंय." बाबा काय बोलणार? डोळ्यांसमोर दाखवलं होतं.

हा प्रयोग खरा असतो, निष्कर्ष खोटा. आपल्याकडच्या साध्या 16 अँपिअरच्या सॉकेटचं बटण फक्त फेज (करंट आणणारी वायर) तोडतं. न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) तसाच जोडलेला राहतो. गीझरच्या पाणी तापवणाऱ्या कॉइलला तडा गेला असेल, तर बटण बंद असलं तरी न्यूट्रल त्या तड्यातून टाकीला आणि टाकीवरून अर्थिंगला चिकटतो. मग फ्रिज-टीव्हीच्या परतीच्या करंटचा थोडा वाटा न्यूट्रलऐवजी अर्थिंगमधून निघून जातो. ईएलसीबी (वर छापलेलं आरसीसीबी असतं, पण सगळे ईएलसीबीच म्हणतात) जाणारा आणि येणारा करंट मोजत असतो. घरात बसवतात त्यात 30 मिलिअँपिअरपर्यंत फरक पडला की तो तुटतो. म्हणजे दोष गीझरमध्येच असतो आणि नाव वायरिंगचं होतं. खात्री करायची तर बटण बंद करून भागत नाही, प्लग सॉकेटमधून पूर्ण उपसायचा. उपसल्यावर ईएलसीबी टिकला तर दोषी गीझर. तरीही पडला तर वायरिंग किंवा घरातली दुसरी एखादी वस्तू. एवढं बाबांनाही जमलं असतं, पण हे सांगणारं तिथे कुणी नव्हतं, आणि जो होता त्याला ते सांगायचं नव्हतं.

बिल असं झालं: व्हिजिट 350, पीसीबी किट (म्हणजे तेच कार्ड) 2,850, वायरिंग प्रोटेक्शन 1,900, टाकीचं केमिकल 1,500. एकूण 6,600 रुपये. बिल कसलं, वहीतला फाडलेला कागद. पैसे क्यूआर कोडवर घेतले. तिथे कंपनीचं नाव आलं नाही, कुणा भलत्याच माणसाचं आलं. "आमचे साहेब आहेत," म्हणे. जुना पार्ट मागितला तर "कंपनीत जमा करावा लागतो."

मात्र त्यानंतर ईएलसीबी पडला नाही. पाणी कडकडीत तापायला लागलं. बाबा खूश.

चारपाच दिवसांनी आई फोनवर बोलता बोलता सहज म्हणाली, "अगं, नळाला हात लावला की झिणझिण्या येतात गं. थंडीमुळे असेल." माझ्या पोटात गोळाच आला. गीझरचा प्लग आत्ताच्या आत्ता उपसा, असं मी ओरडूनच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सोसायटीतल्या एकांच्या ओळखीचे लायसन्सवाले वायरमन आले. वयस्कर, कमी बोलणारे. मी व्हिडिओ कॉलवर होते.

त्यांनी सगळ्यात आधी प्लग उघडला. आतली अर्थिंगची हिरवी वायर कापून तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली होती. हेच ते 1,900 रुपयांचं वायरिंग प्रोटेक्शन. अर्थिंगची वाटच तोडल्यावर करंट जाणार कुठे, आणि ईएलसीबी पडणार कशाला? गळणारा करंट टाकीच्या पत्र्यावर आणि पाण्यात तसाच राहिला होता, कुणाचा तरी ओला हात लागायची वाट बघत. ईएलसीबी जागेवर होता म्हणून मोठा झटका बसला असता तर तो तुटला असता. पण त्याच्या मर्यादेच्या आतला करंट अंगातून जातच राहतो, आणि ओल्या फरशीवर झिणझिण्यांनी दचकून पाय घसरायला तेवढा पुरतो. आई 70 वर्षांची आहे.

मग त्यांनी खालचं झाकण काढलं. कॉइलची दोन टोकं मीटरवर 26 ओहमच्या आसपास दाखवत होती. 2,000 वॅटच्या कॉइलला तेवढंच असायला हवं. म्हणून तर पाणी नीट तापत होतं. पण कॉइल आणि टाकी यांच्यामध्ये मेगर (करंट गळतोय का ते तपासायचं मीटर) लावला तर काटा जवळजवळ शून्यावर. तिथे निदान मेगओहममध्ये आकडा यायला हवा. कॉइल बाहेर काढली तेव्हा बोअरच्या पाण्याच्या क्षारांचा पांढरा थर आणि त्याखाली कॉइलच्या नळीला उभी चीर. नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ती कोरडी आहे तोवर करंट अडवते, चिरेतून पाणी शिरलं की वाट देते.

आणि जळलेलं कार्ड? त्या गीझरमध्ये कार्ड नव्हतंच कधी. ना डिस्प्ले, ना रिमोट. आत फक्त थर्मोस्टॅट आणि कटआउट, दोन्ही मूळचे, चार वर्षांच्या धुळीसकट. टाकी तर अजून कंपनीच्या वॉरंटीत होती. नवी कॉइल, गॅस्केट, नवा प्लग आणि मजुरी मिळून वायरमनकाकांनी 1,450 रुपये घेतले. निघताना सॉकेटच्या जागी डबल पोल स्विच बसवायला सांगून गेले, म्हणजे बंद केल्यावर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतील.

खऱ्या कंपनीचा नंबर गीझरच्या अंगावरच्या स्टिकरवर आणि वॉरंटी कार्डावर छापलेला होता. त्यावर फोन केला तर आमच्या पत्त्यावर तक्रारच नोंदलेली नव्हती, माणूस त्यांचा नव्हता. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करून पैसे गेल्याची तक्रार दिली, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर 1915 ला नोंद केली. "माणूस घरी येऊन काम करून गेला, मग फसवणूक कशी?" असं एका ठिकाणी ऐकून घ्यावं लागलं. कापलेल्या वायरचा फोटो दाखवल्यावर मात्र प्रश्न थांबले. तुमच्या बाबतीत असं झालं तर दुरुस्तीआधी फोटो काढा आणि काढलेला पार्ट हातचा सोडू नका.

जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, म्हणून तिथेही जायचं ठरवलं. अडलंय ते एवढ्यावरच, की तक्रारीत समोरच्याचं नाव आणि पत्ता लिहावा लागतो. आमच्याकडे क्यूआरवरचं एक नाव आहे आणि वहीचा एक कागद. बाबांना नेटवर मिळालेला तो नंबर लागतो अजून. मी वेगळ्या फोनवरून लावला, तर पलीकडून विचारलं, "कुठल्या कंपनीचं वॉशिंग मशीन आहे मॅडम?"