कंपनी फिटेड ॲम्प्लिफायर न काढता नवा स्टिरिओ बसवून देणारा उद्यमनगरातील गाळा

माझ्या २०१३ सालच्या सेडानमध्ये डाव्या सीटखाली कंपनीनेच बसवलेला ॲम्प्लिफायर आहे, हे मला गाडी घेऊन चार वर्षे झाली तरी ठाऊक नव्हते. मूळ स्टिरिओचा डिस्प्ले गेला म्हणून शहरातील एका मोठ्या ॲक्सेसरीजच्या दुकानात टचस्क्रीन स्टिरिओ बसवून घेतला, तेव्हा ते कळले. कारण स्क्रीन उजळली, गाणे पुढे सरकताना दिसले, पण एकाही स्पीकरमधून आवाज आला नाही. त्या दुकानाने नव्या स्टिरिओच्या स्पीकरच्या वायरी थेट ॲम्प्लिफायरच्या इनपुटला जोडल्या आणि आवाज थोडा वाढवताच तो फाटू लागला. तक्रार केल्यावर त्यांनी आरसीएच्या, म्हणजे स्टिरिओमागच्या कमी व्होल्टेजचा सिग्नल देणाऱ्या वायरींच्या, पिना कापून तेथे जोडल्या. फाटणे थांबले, पण इंजिन सुरू असताना एक बारीक शिट्टी मागे लागली, जी ॲक्सिलरेटर दिला की चढायची आणि पाय काढला की उतरायची.

अल्लादियाखाँसाहेबांची गायकी ज्या गावात रुजली, त्या कोल्हापुरात ख्याल ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. तानपुऱ्याच्या षड्जाशेजारी अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचा, हा बेसूर चढता स्वर किती छळतो, हे त्या दुकानवाल्यांना सांगून पटले नाही. ॲम्प्लिफायर काढून टाकून स्पीकर थेट स्टिरिओला जोडू, एवढाच उपाय त्यांच्याकडे उरला होता. तेव्हा एका स्नेह्यांनी मला उद्यमनगरात पाठवले.

लेथ आणि वेल्डिंगच्या दुकानांच्या रांगेतला हा गाळा जेमतेम एक गाडी मावेल एवढा असून पाटीवर 'कार ऑडिओ' यापलीकडे काही लिहिलेले नाही. मिस्त्रींनी पहिल्या दिवशी पक्कडसुद्धा हातात घेतली नाही. "जुना टेप घरात असंल तर घेऊन या, तो बघितल्याशिवाय मी वायर तोडत नाही," एवढेच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो बंद डिस्प्लेचा टेप जुन्या कपलरला लावला, चावी फिरवली आणि मल्टिमीटरने एकेक वायर तपासली. टेप सुरू असतानाच एका वायरवर १२ व्होल्ट येत होते व तो बंद करताच शून्य. ॲम्प्लिफायरला जागे करणारी वायर तीच. आधीच्या दुकानाने तिला थेट चावीचा करंट दिलेला असल्यामुळे टेप बंद असला तरी ॲम्प्लिफायर चालूच राहत होता आणि चावी फिरवताच स्पीकरमधून धप्प असा आवाज येत होता. मिस्त्रींनी ती नव्या स्टिरिओच्या निळ्या-पांढऱ्या वायरला जोडली.

ॲम्प्लिफायर काढण्याच्या सल्ल्यावर त्यांनी दाराचे पॅनेल उघडून, स्पीकरची वायर सोडवून मीटर लावला. मीटरवर १.८ ओहम दिसले, म्हणजे स्पीकर २ ओहमचा होता. बाजारातले बहुतेक स्टिरिओ ४ ओहमच्या स्पीकरसाठी बनवलेले असतात. त्यांच्यावर २ ओहमचा भार टाकला तर आतला आयसी, म्हणजे आवाज वाढवणारी चिप, तापतो आणि आज ना उद्या जातो. शिवाय माझ्या गाडीत जाड आणि बारीक स्वरांची वाटणी ॲम्प्लिफायरमध्येच होत असल्याने तो काढल्यावर फक्त बारीक स्वरांसाठीच्या छोट्या ट्वीटरवर थेट जाड स्वर आदळले असते. क्रेटा किंवा हॅरियरच्या वरच्या मॉडेलमध्ये बोस वा जेबीएलची संच-व्यवस्था असते. तसल्या गाडीचा स्टिरिओ बदलताना कंपनीच्या ॲम्प्लिफायरचे काय करणार, हा प्रश्न आधी विचारावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

खरे दुखणे सिग्नलचे होते. स्टिरिओची स्पीकरची बाजू ४ ओहमवर २० वॉट देते तेव्हा तिथे जवळपास ९ व्होल्ट असतात, आणि ॲम्प्लिफायरच्या इनपुटला मात्र व्होल्ट-दोन व्होल्टचा सिग्नल अपेक्षित असतो. म्हणून पहिल्या जोडणीत आवाज फाटत होता. आरसीएमध्ये व्होल्टेज बरोबर होते, परंतु आरसीएची बाहेरची जाळी अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला, जोडलेली असते, तर या ॲम्प्लिफायरच्या इनपुटच्या दोन्ही वायरी अर्थपासून अलग असतात. ऋण वायर जाळीला जोडल्याने अर्थचे दोन रस्ते झाले आणि त्यातून अल्टरनेटर बोलू लागला. मिस्त्रींनी मध्ये ट्रान्सफॉर्मरचा एक अडॅप्टर बसवला, ज्यातून सिग्नल पलीकडे जातो, पण अर्थ जात नाही. प्रत्येक सांध्याला डाख देऊन त्यावर आकसणारी नळी चढवली. पीळ देऊन टेप गुंडाळलेला एकही जोड त्यांनी ठेवला नाही. मग स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांशावर ठेवून सिग्नल कमी-जास्त करणारा अडॅप्टरचा स्क्रू इतका सावकाश फिरवला, की मला त्यांच्या मनगटाची हालचालही दिसत नव्हती.

मजुरी अडीच हजार रुपये आणि अडॅप्टरचे अठराशे. मजुरी काहींना जास्त वाटेल. मला वाटली नाही, कारण त्यातला मोठा वाटा मोजण्याचा होता. मात्र दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. एका दिवसाचे काम म्हणून दिलेली गाडी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाली आणि उशीर होणार असल्याचा फोन आला नाही. स्टीअरिंगवरची आवाज कमी-जास्त करणारी बटणे चालतात, पण फोन उचलण्याचे बटण अजून चालत नाही. त्याच्यासाठी पुन्हा यायला सांगितले आहे.

गेल्या रविवारी गगनबावड्यापर्यंत गेलो. घाटाच्या तोंडाशी इंजिनाला ताण देऊन मुद्दाम कान लावला. विलंबित ख्यालातल्या दोन आवर्तनांमधल्या शांततेत मागच्या स्पीकरमधून अगदी मंद सरसर येते, तीही काचा बंद असतील तरच. शिट्टी पूर्ण गेली आहे. ग्लोव्ह बॉक्समध्ये मिस्त्रींनी कुठल्या रंगाची वायर कुठे जाते, ते पेनने लिहिलेला पुठ्ठा ठेवला आहे. "उद्या दुसऱ्या कुणी हे उघडलं तर त्याला सोपं जावं" म्हणून.