फ्लॅट गोव्यात, मालक परगावी: देखभाल सेवेला पैसे कशाचे द्यावेत?

पर्वरी, म्हापसा, फोंडा भागात फ्लॅट घेऊन तो भाड्यानं द्यायचा आणि आपण मात्र मुंबईला किंवा आखातात, अशा मालकांसाठी देखभाल सेवा आता सहज मिळतात. किल्ली त्यांच्याकडे, भाडेकरूही तेच आणतात आणि भाड्यातला ठरलेला टक्का कापून घेतात. यातल्या पावसाळी पाहणीला पैसे जरूर द्यावेत. भाडेकरूची निवड आणि अनामत मात्र त्यांच्यावर सोपवू नये.

'फ्लॅट बघून आलो' असा फोन म्हणजे पाहणी नव्हे. मिरगाआधी बाल्कनीतली पाणी जाण्याची जाळी साफ व्हायलाच हवी. पानं अडकली की पाणी उंबरठा ओलांडून खोलीत शिरतं आणि दाराची चौकट खालून फुगते. फ्लॅट रिकामा असेल तर पंधरवड्यातून एकदा उघडीप बघून खिडक्या उघडाव्यात. कपाट भिंतीला चिकटून असलं की हवा खेळत नाही आणि मागच्या प्लायवर बुरशी धरते, म्हणून दोन इंच जागा सोडायला सांगा. बंद फ्रिजचं दार किलकिलं ठेवावं. बाथरूमच्या जाळीत तांब्याभर पाणी ओतावं, नाहीतर ट्रॅप (जाळीखाली पाणी धरून ठेवणारं वळण) सुकतो आणि गटाराचा वास, झुरळं वर येतात. प्रत्येक फेरीत ईएलसीबीचं, म्हणजे वीजगळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबून बघावं. फोटो ठरलेल्या जागांचेच मागा: कपाटामागचा, सिंकखालचा, पश्चिमेच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्याचा आणि वीज मीटरचा. हे सगळं करारात लिहून देणारी सेवा तिच्या टक्क्याला जागते.

कागदपत्रांत या सेवा ढिल्या पडतात. अकरा महिन्यांच्या करारावर सही मालकाचीच हवी आणि अनामत मालकाच्याच खात्यात यायला हवी. भाडेकरूची पोलीस पडताळणी 'करून टाकतो' म्हणतात. ठाण्याचा शिक्का असलेली प्रत हातात येईपर्यंत किल्ली देऊ नका. वीजजोडणी मालकाच्या नावावर असते, तेव्हा शेवटचं बिल भरल्याशिवाय अनामत परत करायची नाही.

पर्यटकांना दिवसावर देऊन दुप्पट मिळवून देतो, असंही सांगतात. त्यासाठी गोव्याच्या 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. ती नसेल तर नोटीस मालकालाच येते.

नव्या मालकांचा हिशेब बहुतेक वेळा करात चुकतो. भाड्यातून मालकानं भरलेली घरपट्टी वजा केल्यावर जे उरतं, त्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते. सेवेचं कमिशन त्याच 30 टक्क्यांत धरलेलं असतं, वेगळं वजा होत नाही. मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही कमी असो, भाडेकरूला टीडीएस (भाडं देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापावाच लागतो. हे करारातच लिहा.

सही करण्याआधी एक कलम नक्की वाचा: फ्लॅट रिकामा असतानाही महिन्याचं शुल्क चालू राहतं का? राहत असेल, तर त्या महिन्यांतल्या पाहणीच्या फेऱ्या आकड्यात लिहून घ्या.