दादाचे एमआरआय आणि घरचा डायकॉम व्ह्यूअर: काही महिने वापरल्यावर

दादाला ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा आक्रमक कॅन्सर. ऑपरेशन झालं, मग रेडिएशनच्या ३० सिटिंग, सोबत टेमोझोलोमाइड (केमोचं औषध), आणि आता दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय. रिपोर्ट हातात आला की घरातले सगळे थेट शेवटच्या 'इम्प्रेशन'वर (निष्कर्षावर) उडी मारतात आणि मग रात्रभर गुगल. त्याला आळा बसावा म्हणून मी लॅपटॉपवर एक मोफत डायकॉम व्ह्यूअर (स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइल्स उघडणारं सॉफ्टवेअर) टाकला.

याचा खरा उपयोग एकच, पण तो मोठा आहे. सीडीसोबत येणारा व्ह्यूअर बहुतेक वेळा फक्त त्याच सीडीतल्या इमेज दाखवतो. इथे जुना आणि नवा एमआरआय शेजारी-शेजारी लावता येतो, एकीकडे स्क्रोल केलं की दुसरीकडेही त्याच पातळीचा काप येतो. फॉलोअपचा रिपोर्ट म्हणजे मुळात तुलनाच. त्यामुळे कुठल्या तारखेच्या स्कॅनशी ताडून पाहिलंय, हे मी आता सगळ्यात आधी बघते. एका सेंटरच्या रिपोर्टात तुलनेचा उल्लेखच नव्हता. जुनी सीडी आम्ही दिली होती, ती पाकिटातून कुणी बाहेरच काढली नव्हती! मागे लागून पुरवणी रिपोर्ट घेतला.

रेडिएशननंतरच्या पहिल्या एमआरआयने मात्र आम्हाला पार हलवलं. कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं, स्कॅनमध्ये उजळ दिसणारं औषध) घेणारा भाग वाढलेला, भोवतीची सूजही जास्त. वहिनीच्या घशाखाली घास उतरेना. डॉक्टर म्हणाले, हे स्यूडोप्रोग्रेशन असू शकतं. रेडिएशन संपल्यावर पहिल्या तीनेक महिन्यांत उपचाराच्या परिणामानेच गाठ वाढल्यासारखी दिसते; गाठीतलं एमजीएमटी जनुक मिथायलेटेड (रासायनिक बदलाने बंद पडलेलं) असेल तर ही शक्यता जास्त. म्हणून तर मेंदूच्या गाठीवर उपचाराचा परिणाम ठरवायला डॉक्टर वापरतात त्या रॅनो निकषांत पहिल्या १२ आठवड्यांत एकाच स्कॅनवरून सहसा निकाल देत नाहीत. २०२३च्या सुधारित निकषांत तुलनेचा पायाही रेडिएशननंतरचा एमआरआय धरलाय, ऑपरेशननंतर लगेच काढलेला नाही. दादाचं परफ्युजन (रक्तपुरवठा दाखवणारं स्कॅन) केलं, त्यात त्या भागाचा रक्तपुरवठा फारसा वाढलेला नव्हता. पुढच्या स्कॅनला तोच भाग आक्रसलेला. दोन्ही स्कॅन शेजारी लावून वहिनीला दाखवले, तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला.

आणखी एक गंमत (गंमत म्हणायची आपली). ऑपरेशनच्या पोकळीच्या कडेला कॉन्ट्रास्टनंतरच्या टी-वनमध्ये (एमआरआयमधल्या एका प्रकारच्या इमेजमध्ये) पांढराशुभ्र ठिपका दिसत होता. कॉन्ट्रास्टच्या आधीचा टी-वन शेजारी उघडला, तर तिथेही तो तेवढाच पांढरा! म्हणजे तो कॉन्ट्रास्टमुळे उजळलेला नव्हताच. रिपोर्टात 'जुन्या रक्ताचे अवशेष' असं लिहिलंच होतं, पण नुसतं वाचून ते माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

आता तोटे. व्ह्यूअरमधली मोजपट्टी घरच्यांच्या हाती देऊच नये. भाचा प्रत्येक कापावर रेघा ओढत बसायचा आणि दोन मिलिमीटर वाढले म्हणून घर डोक्यावर घ्यायचा. काप जाड असेल किंवा डोकं जरा वेगळ्या कोनात असेल, तर एवढा फरक सहज पडतो. रॅनोत दोन आडव्या-उभ्या मापांचा गुणाकार २५ टक्क्यांनी वाढला तर ती वाढ मोजतात, आणि तीही नीट मोजता येईल एवढ्या आकाराच्या गाठीत. उजळपणाचंही तसंच. सीटीला असतं तसं उजळपणाचं ठरलेलं मोजमाप एमआरआयला नाही, त्यामुळे १.५ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद) मशीनवरचा राखाडी आणि ३ टेस्लावरचा राखाडी एकमेकांशी जुळवू नयेत. डिफ्युजन, स्पेक्ट्रोस्कोपी या एमआरआयच्या खास प्रकारांच्या नादी मी लागलेच नाही.

व्ह्यूअर सांगत नाही अशी एक गोष्ट आपली आपणच टिपून ठेवायची: स्कॅनच्या दिवशी डेक्सामेथासोनचा (सूज कमी करणाऱ्या स्टेरॉइडचा) डोस किती होता. स्टेरॉइड वाढवलं की सूज आणि कॉन्ट्रास्टची चमक दोन्ही कमी दिसतात, आणि आपण उगाच पेढे वाटतो. मी डोस सीडीच्या कव्हरवरच लिहिते. डॉक्टरही आधी तिथेच नजर टाकतात.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक गुण कापला कारण एवढी साधी सोय असूनही हाताळणी किचकट आहे, आणि आमच्या जुन्या लॅपटॉपवर पातळ कापांची सीरिज उघडायला चहा होईल एवढा वेळ लागतो. ज्यांना चित्रं बघून धडकी भरते, त्यांनी या वाटेला न गेलेलंच बरं. दादा स्वतः एकदाही स्क्रीनकडे बघत नाही, आणि आम्ही त्याला आग्रह करत नाही.

घेणार असाल तर सेंटरमधून निघण्यापूर्वी डायकॉम फाइल्सच मागा, सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर. मोबाइलवर येणाऱ्या लिंकची मुदत संपते, आणि फिल्मचे फोटो काढून पाठवले तर व्ह्यूअरला त्यांचा काही उपयोग नाही.