बाथमध्ये मुक्काम: गावात की शेजारी?
इंग्लंडातल्या बाथला जायचं तर घर गावात घ्यावं की शेजारच्या ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनला? गावातली अठराव्या शतकातली दगडी घरं देखणी, पण लिफ्ट बहुधा नसते. आईच्या गुडघ्यांना तिसरा मजला झेपेल का, ते आधी बघा. मोटार असेल तर पार्किंगची कटकट वेगळीच. मात्र सकाळचा चहा घेऊन पायीच रोमन स्नानगृह गाठता येतं. तिथलं ४६ अंशांचं पाणी हिरवं, वाफाळतं. त्यात उतरायला मात्र मनाई. डुंबायचं तर थर्मे बाथ स्पा, गच्चीवरच्या तलावात, तेही संध्याकाळी.

ब्रॅडफर्ड निवांत, रेल्वेने साधारण १५ मिनिटांवर. पण ओले केस घेऊन फलाटावर कुडकुडत कोण बसणार? दोनच रात्री असतील तर मी गावातच राहीन. तळमजला मिळाला तर!