मतदान केंद्राबाहेरचा सॉसेज स्टॉल, मेलबर्न: पाचपैकी साडेतीन

३ मे २०२५, शनिवार. नागरिकत्व मिळाल्यावरचं माझं पहिलं मतदान. शाळेच्या फाटकातच पालकांनी स्टॉल लावलेला. इथे याला चक्क ‘डेमॉक्रसी सॉसेज’ म्हणतात. पावाच्या एका स्लाइसमध्ये सॉसेज, वर परतलेला कांदा. मी शाकाहारी, म्हणून व्हेजी घेतलं. कांदा झकास, थेट भुर्जीच्या गाडीची आठवण! सॉसेज मात्र आतून गारढोण आणि पाव ओला होऊन हातातच सुटला.

इथे १९२४ पासून मतदान सक्तीचं. दांडी मारली आणि कारण पटलं नाही, तर २० डॉलर दंड. म्हणूनच ९० टक्क्यांच्या वर लोक येतात. अर्थात माझ्यापुढच्या पोराने सिनेटची (संसदेच्या वरच्या सभागृहाची) ती हातभर लांब पत्रिका कोरीच घडी घालून पेटीत टाकली. त्याला आणून काय मिळवलं?

तरी आमचा पुण्यातला दादा आठवलाच. १३ मे २०२४, पुण्यात लोकसभेचं मतदान. सोमवार, म्हणजे सलग तीन सुट्ट्या, स्वारी महाबळेश्वरला! त्याला दंड व्हायलाच हवा होता, असं मी म्हणतो. आई म्हणत नाही.

केचप गोडमिट्ट आहे, मोहरीचा सॉस मागा. आणि दहाच्या आत जा, व्हेजी लवकर संपतं.