क्वचित लागणाऱ्या प्रोसीजर्सचा सराव: सिम्युलेशन सेंटर की आपलाच वॉर्ड?

हडपसर किंवा चिंचवडचं ५०-६० खाटांचं हॉस्पिटल घ्या. तोंडातून ट्यूब जात नाही म्हणून मानेतून श्वासनळी उघडायची वेळ तिथे वर्षानुवर्षं येत नाही. गरोदर बाईचं हृदय बंद पडून जागच्या जागी सिझेरियन करावं लागणं त्याहून विरळ. पण वेळ आलीच तर चौथ्या मिनिटाला निर्णय आणि पाचव्यापर्यंत बाळ बाहेर, असा हिशेब असतो. तेव्हा सरावाचा खर्च कुठे करायचा?

सिम्युलेशन सेंटरमध्ये मॅनिकिनची, म्हणजे सरावाच्या पुतळ्याची, छाती हलते, नाडी लागते, मॉनिटरवर सॅच्युरेशन घसरतं. त्याहून मोलाची नंतरची चर्चा: अनुभवी शिकवणारा व्हिडिओ थांबवून "इथे तुम्ही काय विचार करत होतात?" असं विचारतो. अडचण एवढीच, की पाठवता येतात एक-दोन डॉक्टर. रात्रपाळीच्या सिस्टर, मामा, मावशी मागेच राहतात. शिवाय तिथली ट्रॉली नीट लावलेली असते, आपली कशी असते ते आपल्याला माहीत आहे.

वॉर्डातला सराव दिसायला गरीब. श्वासनळीसाठी मटणवाल्याला सांगून बोकडाची नळी आणायची, मात्र स्वरयंत्रासकट मागा. नुसती नळी आणली तर जो पडदा कापायचा तोच नसतो. वर जाड फोम ताणून बसवला की डोळ्यांनी दिसत नाही, बोटांनी जागा शोधावी लागते. ब्रिटनच्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीच्या २०१५ च्या पद्धतीला वस्तू तीनच लागतात: १० नंबरचं ब्लेड, बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचिक काडी), ६ मिमीची कफवाली (टोकाशी फुगा असलेली) ट्यूब. रात्री दोन वाजता त्या तिन्ही एका कप्प्यात सापडतात का, हे वॉर्डात घड्याळ लावून ड्रिल घेतल्याशिवाय कळत नाही. आणि "आता ट्यूब जात नाही, मान उघडतोय" हे मोठ्याने कोण म्हणणार, हेही. माझ्या मते हात अडखळण्यापेक्षा या वाक्याला उशीर होणं जास्त घातक.

ब्रिस्टलच्या साउथमीड हॉस्पिटलने प्रसूतीत बाळाचा खांदा अडकण्याचा सराव सगळ्या स्टाफला सक्तीचा केला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार खांदा अडकलेल्या बाळांमधल्या इजा ९.३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आल्या. यात डॉक्टर आणि मिडवाइफ (प्रसूती करणाऱ्या प्रशिक्षित परिचारिका) एकत्र होत्या, हे विसरू नका.

वॉर्डाच्या बाजूनेही खोट आहेच. डेंगीच्या दिवसांत खाटा भरल्या की पहिलं रद्द होतं ते ड्रिल. चर्चा घ्यायला शिकलेला माणूस नसेल तर तिची झाडाझडती होते आणि पुढच्या वेळी सिस्टर तोंड उघडत नाहीत. सरावाची रिकामी सिरिंज किंवा मुदत संपलेलं औषध खऱ्या ट्रॉलीत राहिलं तर पेशंटच्या जिवावर बेतेल. सरावाचं सामान वेगळ्या रंगाच्या डब्यात ठेवा, मोजून काढा, मोजून परत ठेवा.

लाखांचं मॅनिकिन स्वतः घेणं एवढ्या हॉस्पिटलला परवडत नाही, आणि ते चालवणारा माणूस नसला की कपाटातच राहतं. मी एक भूलतज्ज्ञ आणि एक सिनियर सिस्टर अशी जोडी सेंटरला पाठवेन, तीही चर्चा घ्यायला शिकण्यासाठी. बाकी पैसा वॉर्डात. सीपीआरसारखं कौशल्यसुद्धा तीन ते सहा महिन्यांत ढिलं पडतं, म्हणून दर तिमाहीला १५ मिनिटांचं छोटं ड्रिल, शक्यतो रात्रपाळीत.

सोनोग्राफी बघत हृदयाभोवतीचं पाणी काढणं मात्र सेंटरवरच शिकावं; तिथे सुई कुठे जाते हे पडद्यावर दिसायला हवं, फोमवर ते जमत नाही. फी भरण्याआधी एका मॉडेलमागे किती जण असतात आणि सिस्टरना प्रवेश आहे का, एवढं फोन करून विचारा.