विंडोजसाठी लुआ: लिनक्सवर बांधावा की विंडोजवरच?

एका सहकाऱ्याला लुआ या प्रोग्रामिंग भाषेच्या ५.४ आवृत्तीचा इंटरप्रिटर (कोड वाचून चालवणारा प्रोग्राम) विंडोजच्या ग्राहकांना द्यायचा आहे. तो लिनक्सवरच मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४ या विंडोजसाठीच्या कंपायलर-संचाने क्रॉस-कंपाइल करावा (म्हणजे एका सिस्टिमवर दुसऱ्या सिस्टिमसाठी बांधावा, बिल्ड करावा) की विंडोजवर एमएसवायएस२ या साधनसंचात बांधावा, हे त्याचे ठरत नाही.

कंपायलर दोन्हीकडे फुकट आहेत. दुसऱ्या मार्गाला मात्र विंडोजचे यंत्र लागते. मेहनतीत पहिला मार्ग सरस, कारण लुआ शुद्ध सी भाषेत लिहिलेला असून त्याला कॉन्फिगरची (बांधणीआधी सिस्टिम तपासण्याची) पायरीच नाही, आणि मेकफाइलमधील (बांधणीच्या सूचनांच्या फाइलमधील) मिंगडब्ल्यू या टार्गेटला क्रॉस-कंपायलरचे नाव पुरवले की बहुतेक काम होते.

खरी गोम सी रनटाइममध्ये, म्हणजे प्रोग्राम चालताना वापरल्या जाणाऱ्या सीच्या मूळ लायब्ररीत आहे. डेबियन १२ या लिनक्समधील मिंगडब्ल्यू जुन्या एमएसव्हीसीआरटी या रनटाइमशी जोडणी करतो, तर एमएसवायएस२ चे यूसीआरटी६४ हे वातावरण नव्या यूसीआरटी या रनटाइमशी. लुआने उघडलेल्या फाइलचा पॉइंटर (मेमरीतील पत्ता) वेगळ्या रनटाइमवर बांधलेल्या मॉड्यूलच्या (लुआला जोडलेल्या लायब्ररीच्या) हाती गेला, तर प्रोग्राम कोसळू शकतो.

प्राथमिक चाचणी वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या साधनावर) भागते. देवनागरी नावांच्या फाइली आणि कन्सोल मात्र खऱ्या विंडोजवरच तपासावेत.

नुसता इंटरप्रिटर हवा असेल, किंवा बांधणी सर्व्हरवर आपोआप व्हायची असेल, तर क्रॉस-कंपाइल करावे. इतरांची तयार सी मॉड्यूले जोडायची असतील, तर ती ज्या रनटाइमवर बांधली आहेत त्यावरच, म्हणजे बहुधा विंडोजवर, बांधणे श्रेयस्कर.